गाडीतून थेंबही पडत नाही

पाना अजून नटावर लटकलेला आहे आणि मी गाडीखालून सरपटत बाहेर येऊन हे लिहायला बसलो आहे. आधी पाना काढावा की आधी तुम्हाला नमस्कार लिहावा, हे थोडा वेळ ठरत नव्हतं. पाना काढायचं धैर्य नाही. म्हणून नमस्कार.

तीर्थरूप दाजी, गुडघा कसा आहे? अक्का फोनवर 'बरा आहे' एवढंच सांगते. ती गुडघ्याबद्दल सांगते की तुमच्याबद्दल, ते तिच्या आवाजावरून कळत नाही. व्यायाम करून घेणारा माणूस रोज येतो, पाय उचला म्हणतो आणि तुम्ही त्याला 'आधी तू उचलून दाखव' म्हणता, हेही तिच्याकडूनच कळलं. ऐकून बरं वाटलं. तुम्ही पूर्वीसारखेच आहात. (बरं वाटलं आणि भीतीही वाटली. तुमच्याबाबतीत माझं नेहमी दोन्ही एकदमच होतं.) जेवण जातं ना? झोप लागते ना? टाके ओढतात का? इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. सौ. ठीक आहे. यानंतर मी 'गाडीही ठणठणीत आहे' असं एक वाक्य लिहिलं होतं आणि खोडलं. खोडलेलं तुम्हाला दिसेलच, म्हणून आधीच सांगितलं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या खोलीतला फोन अक्का उचलते. तुमच्या उशाशी असलेलाही अक्काच उचलते. त्यामुळे हे पत्र तुमच्या धुतलेल्या कपड्यांच्या पिशवीतून येतं आहे, सगळ्यांत खालच्या बनियनच्या घडीत. पिशवी आमच्या शेजारचे कारकून आणतील. ते रोज सकाळी बसने तुमच्या दवाखान्याच्या गावी नोकरीला जातात. आत पत्र आहे हे त्यांना सांगितलेलं नाही. माणूस विश्वासू आहे, पण अक्काने 'आणखी काय दिलंय?' असं नुसतं विचारलं तर टिकायचा नाही. कुणीच टिकत नाही. कृपा करून बनियन तुम्हीच उलगडा. पाय दुखत असला तरी.

आता गाडी. तुमची गाडी माझ्या अंगणात उभी करताना तुम्ही जे जे सांगितलं होतं, ते सगळं मी पाळलं आहे. एक दिवसाआड सुरू करतो. सुरू असताना स्टिअरिंगला हात लावत नाही ('तुझे हात दमट असतात,' असं तुम्ही म्हणाला होतात). रेडिओ लावत नाही. आरसा तुमच्या उंचीला लावलेला आहे, तो हलवलेला नाही. त्यात मला मागचा रस्ता दिसत नाही, छत दिसतं. परवा तुम्हाला न्यायला येताना मी छत बघत येईन, हरकत नाही. पण तुम्ही डॉक्टरांना निक्षून सांगितलंत की घरी जाईन तर माझ्याच गाडीने, पुढची सीट पूर्ण मागे सरकते, पाय सरळ राहतो, दुसऱ्याच्या गाडीत मी हा गुडघा ठेवणार नाही. डॉक्टरही हो म्हणाले. तेव्हापासून माझं जेवण कमी झालं आहे. तुम्ही पुढे, पाय लांब करून. अक्का मागे, मांडीवर उशी घेऊन. मी मध्ये कुठेतरी, स्टिअरिंगमागे. आणि तो टेकडीचा लांब चढ, जिथे सावलीलाही झाड नाही. तिथे तेलाचा लाल दिवा लागला तर काय करायचं? तुम्हाला उतरता यायचं नाही. अक्का उतरेल. तीच तर भीती आहे.

तर, तुम्ही येणार म्हणून गाडी धुवायला घेतली. बाहेरून झाली. मग वाटलं, दाजी बाहेरून बघत नाहीत, खालून बघतात. (तुम्ही कुणाकडे गेलात की चपला काढायच्या आधी त्यांच्या गाडीखाली वाकून बघायचात. सौ.ला बघायला गेलो होतो तेव्हा तिच्या वडिलांच्या गाडीखाली बघून 'घर जरा सैल आहे' असं मत तुम्ही दिलं होतं. सौ.ला ते अजून माहीत नाही. हे पत्र फाडून टाकायचं आणखी एक कारण.) म्हणून बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसलो आणि खाली बघितलं, तर इंजिनाच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून जरा वर, एक पत्र्याचा डबा अडकलेला. चपटा, बिस्किटांचा असतो तसा, बिनझाकणाचा, काळाकुट्ट. गाडी कुठल्यातरी उकिरड्यावरून गेली असणार आणि तिथला डबा तारेसकट येऊन बसला असणार, असं वाटलं. मग तुम्ही उकिरड्यावरून गाडी नेणार नाही हे आठवलं. पण तोवर डबा माझ्या हातात आला होता. एका बाजूला नाडीसारखं काही गुंतलं होतं, ते एका झटक्यात सुटलं. दुसऱ्या बाजूला तार होती, ती पकडीने तोडली. तळाशी थोडं काळं तेल होतं, ते माझ्या बाहीत गेलं. ते तेलही मला रस्त्यावरचंच वाटलं. डबा मी सोड्याने घासला, तर आतून गुलाबाचं चित्र निघालं. सौ.ने तो लगेच कोरफडीच्या कुंडीखाली ठेवला, पाणी फरशीवर ओघळू नये म्हणून. आम्ही दोघे त्या दिवशी फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली डाग होता.

मोठा नव्हता. रुपयाएवढा. पण काळा होता आणि मध्ये जाड होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो. 'माझ्या गाडीतून थेंबही पडत नाही,' हे तुमचं वाक्य आमच्या घरात आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं आहे की मला तो डाग तेलाचा वाटेना, काहीतरी नैतिक वाटला. वीसेक वर्षांत जी गाडी गळली नाही ती माझ्या अंगणात आली आणि गळली. म्हणजे गाडीत काही बिघडलेलं नाही, अंगणात बिघडलेलं आहे. आणि मग अक्काचं वाक्य आठवलं, तुमच्या लग्नानंतरचं. 'ज्या दिवशी ही गाडी माझ्या फरशीवर थेंब टाकेल, त्या दिवशी गाडी भंगारात आणि तुम्ही बसमध्ये.' तुम्ही हा किस्सा विनोद म्हणून सांगता. सांगताना हसत मात्र नाही.

फरशी मी पुसली. पुन्हा गाडी सुरू करून बंद केली. पुन्हा थेंब. पुसली. पुन्हा थेंब. शेवटी सौ. म्हणाली, "फरशी पुसून गाडी दुरुस्त होत असती तर आपल्याकडे विमान असतं." ती चौकात जाऊन गॅरेजवाल्याला बोलावून आली. तो आला, फाटकातून गाडीचा नंबर वाचला आणि तिथेच थांबला.

"ही त्या दाजींची गाडी?"

मी हो म्हटलं.

"नको साहेब. मी संसारी माणूस आहे."

मी पुष्कळ सांगितलं, दाजी दवाखान्यात आहेत, चालता येत नाही. तो म्हणाला, मागे एकदा तुम्ही त्याच्याकडून एकाच चाकाचे नट पुन्हा पुन्हा आवळून घेतले होते, त्याच्या पाठीमागे उभे राहून, एक शब्द न बोलता. तेव्हापासून त्याला कुणी मागे उभं राहिलं की घाम फुटतो. बायकोलाही सांगून ठेवलं आहे, मागून यायचं नाही. एवढं सांगून तो गेला. जाताना फाटक त्याने अगदी हळू लावलं, जणू तुम्ही आत झोपला आहात. (माझं फाटक तरीही कुरकुरलं. तुमच्याकडचं फाटक कधी कुरकुरत नाही, बिजागऱ्या लोण्यासारख्या फिरतात. याही बाबतीत तुम्ही मला बोलला आहात. मी खोबरेल लावून बघितलं, मुंग्या लागल्या.)

तर काम घरीच करायचं ठरलं. वरच्या मजल्यावरचे इंजिनीअर मदतीला आले. त्यांना सगळे इंजिनीअर म्हणतात, ते पाणीपुरवठ्यात होते. गळती म्हणताच त्यांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर त्यांना कुणी गळतीबद्दल विचारलेलं नव्हतं. "आधी मेन बंद करायचा," ते म्हणाले. मी म्हटलं, तेलाला मेन नसतो. "मग लोक करतात काय?" असं त्यांनी मलाच विचारलं. पण एक युक्ती त्यांची खरी होती. गळतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे, म्हणून इंजिन आधी घासून कोरडं करायचं, त्यावर पावडर मारायची, गाडी चालू ठेवायची, आणि पावडरीवर ओला ओघळ कुठून निघतो ते बघायचं. मी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन घासलं. सौ.ची अंगाला लावायची पावडर पूर्ण संपवली. इंजिन न्हाऊ घातलेल्या बाळासारखं दिसायला लागलं. परवा तुम्ही गाडीत बसाल तेव्हा मोगऱ्याचा वास येईल. इंजिनाचा आहे, अक्काला भलतं काही वाटू देऊ नका.

पण ओघळ बघायचा धीर इंजिनीअरांना नव्हता. त्यांचं म्हणणं पडलं, गळती नेहमी झाकणापाशी असते. म्हणून आम्ही इंजिनाचं वरचं झाकण उघडलं आणि त्याखालचं पॅकिंग बदललं. दाजी, मी तुमच्या इंजिनाचं झाकण उघडलं. हे वाक्य मला दोनदा लिहावं लागलं. आत सगळं सोन्यासारखं पिवळं होतं, तेलाने चकचकणारं, आणि इतकं नीटनेटकं की मी चष्मा काढून ठेवला, काही पडेल म्हणून. मग श्वासही तोंड बाजूला करून घ्यायला लागलो. झाकण परत बसवलं तेव्हा एक वॉशर उरला. इंजिनीअर म्हणाले, "काहीतरी उरतंच. आमच्याकडे तर एकदा अख्खा व्हॉल्व्ह उरला होता." मग गावात पाणी आलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आलं ना. सगळीकडे आलं." तो वॉशर मी खिशात ठेवला आहे. बसल्या बसल्या हात लावून बघतो, आहे का ते.

थेंब पडतच होता. म्हणजे आता खाली जाणं आलं.

मला गाडीखाली जायची भीती वाटते हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही एकदा चाक बदलताना मला खाली ढकललं होतं आणि मी पाय बाहेर ठेवून बाकीचा आत गेलो होतो. यावेळी मी व्यवस्था केली. जॅकवर विश्वास नाही म्हणून लाकडी ठोकळे घातले. ठोकळ्यांवर विश्वास नाही म्हणून स्टेपनी सरकवली. स्टेपनीवर विश्वास नाही म्हणून सौ.ला स्टूल टाकून बाजूला बसवलं. ती स्वेटर विणत होती. मध्येच विचारायची, "आहात ना?" मी खालून म्हणायचो, "आहे." इंजिनीअर गॅलरीतून बघत होते. त्यांच्या पायात गोळे येतात म्हणून ते खाली आले नाहीत. (गोळे माझ्याही पायात येतात. ते कुणी धरत नाही.)

खालून गाडी वेगळीच दिसते. वरून ती तुमची गाडी असते. खालून ती कुणाचीच नसते. ऊब असते, धातूचा आणि मातीचा वास असतो, कुठेतरी टिक् टिक् असा निवण्याचा आवाज असतो आणि एवढं वजन आपल्या छातीच्या वर स्वस्थ थांबलेलं असतं. मला वाटलं, हिला माझं इथे असणं आवडलेलं नाही. बॅटरी तोंडात धरून बघितलं. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ होती, अगदी सरळ. ती वरच्या झाकणापासून येत नव्हती. इंजिन जिथे संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो त्या सांध्यातून येत होती. मी तसाच पडून गॅरेजवाल्याला फोन लावला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "मागचं तेल अडवायचं सील गेलं असेल. गिअरबॉक्स उतरवायला लागतो, घरी होत नाही. आणि आपलं बोलणं झालेलंच नाही, काय?" बरं म्हणून मी फोन ठेवला. तेवढ्यात एक थेंब चष्म्याच्या काचेवर पडला. उजव्या. जग अर्धं काळं झालं.

"आहात ना?"

"आहे."

तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. पण गॅलरीतून इंजिनीअर म्हणाले, "खाली एक मोठा नट असेल बघा. तेल काढायचा. तो आवळा जरा. आवळून नुकसान काय होणार आहे?" नट होता. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरचा. मी पाना लावला. थोडं फिरवलं. आणखी थोडं फिरवलं. मग 'टक' असा आवाज आला.

नट तुटला, आटे गेले की नुसता घट्ट बसला, मला माहीत नाही. मी पाना सोडला. पाना पडला नाही, नटावरच लटकून राहिला. मला वाटलं, आता हा पाना काढला की नट त्याच्याबरोबर येणार, नटाबरोबर सगळं तेल माझ्या तोंडावर येणार, आणि मग तुम्हाला बातमी कळणार, अक्काकडून. मी हलायचं बंद केलं. नजर नटावरून काढली आणि दुसरीकडे कुठेतरी, मागे, वर लावली, दंतवैद्याकडे आपण छताकडे बघतो तशी. आणि तिथे, त्या सांध्याच्या जवळ एका बोल्टाला, मी पकडीने तोडलेल्या तारेचा राहिलेला तुकडा होता.

दाजी, त्या तारेला दोन पीळ होते आणि टोक आत वळवलेलं होतं.

तुमच्याकडे कपडे वाळत घालायची तार तशी आहे. फाटकाची कडी तशी आहे. माझ्या पेटीचं तुटलेलं हँडल तुम्ही बांधून दिलंत, तेही तसंच आहे. दोन पीळ आणि टोक आत, 'कुणाच्या बोटाला लागायला नको.' असं दुसरं कुणी बांधत नाही. उकिरड्यावर तर कुणीच बांधत नाही. मी किती वेळ त्या पिळाकडे बघत पडलो होतो कोण जाणे. सौ.ने दोनदा "आहात ना?" विचारलं आणि दुसऱ्यांदा स्टूल सरकल्याचा आवाज आला, तेव्हा मी "आहे" म्हणालो. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

म्हणजे डबा अडकलेला नव्हता. बांधलेला होता. म्हणजे गाडी माझ्या अंगणात आल्यावर गळायला लागलेली नाही, मी डबा काढल्यावर दिसायला लागली आहे. म्हणजे तुम्ही लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघत होतात तेव्हा तुमच्या स्वतःच्या गाडीखाली गुलाबाचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा तारेने टांगलेला होता. दाजी, मला राग आलेला नाही. मला याची सवय नाही, म्हणून काय वाटतं आहे ते कळत नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला भीत आलो आणि तुम्ही कुणालातरी भीत होतात, हे मला गाडीखाली कळलं. वरती कुणी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

आत्ता संध्याकाळ झाली आहे. इंजिनीअर आत गेले. सौ. म्हणते आहे, पाना काढून टाका आणि जेवायला चला. मी तिला म्हणालो, दाजींना पत्र संपवून येतो. पाना इथून दिसतो. लटकलेलाच आहे. तेल मोजायची पट्टी बघितली, तेल आहे. थेंब मगाशी पडत होता तसाच पडतो आहे. मी खाली एक ताट सरकवून ठेवलं आहे. त्यात पडला की वाजतो, एकदा वाजला की पुढचा कधी वाजेल याची वाट बघत बसावं लागतं.

प्रकृतीला जपा. व्यायामवाल्याचं ऐका, तोही माझ्यासारखाच असेल.

तुमचा मेहुणा
(हात धुऊनच लिहिलं आहे. कागदावरचे काळे ठसे आधीचे.)

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तुम्हाला तिथे आणखी एक आठवडा राहता येईल का? डॉक्टरांना सांगायचं, गुडघा अजून हवा तसा वाकत नाही. किंवा वाकतो आहे, पण तुम्हाला खात्री नाही. तुम्ही खात्री नाही म्हणालात तर कुणी वाद घालणार नाही. तेवढ्यात मी गॅरेजवाल्याचे पाय धरून गिअरबॉक्स उतरवून घेतो. तो काम करत असताना त्याच्या मागे कुणी उभं राहणार नाही, असं त्याला लिहून द्यायची माझी तयारी आहे.

ता. क. डब्याबद्दल अक्काला मी काहीही बोललेलो नाही. बोलणारही नाही. (आठवडा मिळाला तर.) वरचं कंसातलं खोडणार होतो. मग राहू दिलं. आयुष्यात एकदा तुम्हाला असं काहीतरी लिहून बघायचं होतं. वाचून रागावला असाल तर ते सौ.ने लिहिलं आहे असं समजा.

ता. क. एक कोडं राहतं, तेवढं भेटल्यावर सांगा. दोन वर्षं तुम्हाला वाकता येत नाही, बुटाची लेसही अक्का बांधते. मग डबा भरून वाहायला हवा होता. मी काढला तेव्हा तळाशी थोडंसंच तेल होतं. आणि तार एकाच बाजूला होती, तुमची, निरगाठ म्हणावी अशी. दुसऱ्या बाजूला परकराची नाडी होती आणि ती सुरगाठीने बांधली होती, ओढली की सुटेल अशी. तुम्ही सुरगाठ मारलेली मी कधी बघितलेली नाही. तार कमी पडली होती का?

(पुढचं सकाळी, पेन्सिलीने.)

कारकून यायच्या आधी अक्का आली. पहिल्या बसने, एकटी. म्हणाली, तुम्हाला व्यायामवाल्याच्या ताब्यात देऊन आली आहे, दुपारच्या बसने परत जाणार. सौ.ने चहा ठेवला. अक्काने कपड्यांची पिशवी उघडून घड्या तपासल्या, सगळ्यांत खालच्या बनियनपर्यंत. पत्र उभ्यानेच वाचलं. मी भिंतीला टेकून होतो. वाचताना ती एकदाच थांबली, 'घर जरा सैल आहे' पाशी, आणि सौ.कडे बघितलं. मग पुढे वाचलं.

पत्र संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही. कुंडी उचलून बाजूला ठेवली, डब्यातलं पाणी ओतलं, पदराने डबा पुसला. आपल्या पिशवीतून एक जुनं फडकं काढलं आणि एक रिकामी बाटली काढली. ताटातलं तेल फडक्यावरून बाटलीत गाळून घेतलं. म्हणाली, "फाटकाच्या बिजागऱ्यांना लागतं." मग जमिनीवर फडकं पसरून गाडीखाली गेली. पाय बाहेर न ठेवता, पूर्ण गेली. मी वर उभा होतो. सौ. माझ्याकडे बघत होती.

"आहेस ना?" मी विचारलं.

"गप रे भित्र्या. तार दे."

एका बाजूला तिने तार बांधली. दुसऱ्या बाजूला तीच नाडी, जी मी डब्याबरोबर काढून ठेवली होती. पाना तिने हाताने काढून बाहेर सरकवला. काही झालं नाही. नट नुसता घट्ट बसला होता.

बाहेर आल्यावर हात धुताना तिने सांगितलं, तुम्हाला वाकता येईना तेव्हापासून ती डबा रिकामा करते, दुपारी तुम्ही पेपर तोंडावर घेऊन झोपता तेव्हा. आज त्यासाठीच आली होती, उद्या निघायच्या आधी तो रिकामा असावा म्हणून. "ह्यांना वाटतं गळती आपोआप थांबली आणि आता इंजिन तेल पितं," ती म्हणाली. "वाटू दे." मी विचारलं, मग हे पत्र फाडू का? तिने थोडा विचार केला आणि ते पुन्हा बनियनच्या घडीत ठेवलं. तिची घडी माझ्यापेक्षा नीट होती. म्हणाली, "जाऊ दे. एक दिवस घाबरतील जरा. फक्त मी गाडीखाली गेले होते ते लिहू नकोस."

म्हणून ती आत चहा पीत असताना पत्र घडीतून काढून हे पेन्सिलीने लिहिलं आहे, खोडता येईल असं.

कारकून फाटकात उभे आहेत. आठवड्याची गरज नाही. उद्या येतो.